कोल्ड एअर इनटेक बसवायचंय? आधी तापमान मोजा

गाडी मॉडिफाय करायचं डोक्यात आलं की बहुतेकांची पहिली खरेदी कोल्ड एअर इनटेकची, म्हणजे इंजिनाला बाहेरची गार हवा देणाऱ्या पाइप-फिल्टरच्या किटची असते. रीमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) किंवा एक्झॉस्टपेक्षा खर्च कमी, बॉनेट उघडताच दिसणारी वस्तू, आणि ॲक्सिलरेटर दाबला की बदललेला आवाज. या आवाजामुळेच पुष्कळांचा गैरसमज होतो. इंजिन जोरात श्वास घेतंय असं ऐकू येतं आणि ताकद वाढली असं वाटू लागतं.

माझी गाडी आठव्या पिढीची होंडा सिव्हिक १.८, साधं टर्बोविना (हवा दाबून भरणारं चक्र नसलेलं) इंजिन, १३२ पीएस. मित्रांकडे पोलो जीटी टीएसआय आणि ऑक्टाव्हिया आरएस या टर्बो गाड्या आहेत. या गाड्यांवर काम करताना माझं एक मत पक्कं झालं: इनटेकचा फायदा पाइपच्या चकाकीत किंवा फिल्टरच्या ब्रँडमध्ये नसतो. इंजिनात शिरणारी हवा किती गार आहे आणि ती किती सहज आत येते, या दोनच गोष्टींवर तो ठरतो, आणि दोन्ही घरच्या घरी मोजता येतात. म्हणून या लेखात मोजमाप आधी घेतलं आहे, पाने-पक्कड नंतर.

१. ताकद वाढते ती कशी

हवा गार असली की घट्ट असते, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त ऑक्सिजन मावतो. ३५ अंश आणि ६० अंश सेल्सिअस तापमानाच्या हवेची तुलना केली, तर ६० अंशांची हवा साधारण साडेसात टक्क्यांनी विरळ भरते. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद जवळजवळ याच प्रमाणात उतरते. ढोबळ हिशेब लक्षात ठेवायचा तर तीन अंशांमागे एक टक्का.

दुसरा भाग अडथळ्याचा. १.८ लिटरचं इंजिन ६३०० आरपीएमला मिनिटाला साधारण ५६०० लिटर हवा ओढतं. मूळ पाइपात वळणं, रेझोनेटर (आवाज कमी करणारी पोकळी) आणि कागदी फिल्टर असल्यामुळे थोडा दाब वाया जातो. पण कंपनीचे इंजिनिअर हे जाणून असतात. बऱ्याच गाड्यांमध्ये मूळ बॉक्सचं तोंड ग्रिलमागे किंवा फेंडरच्या आत, बाहेरची हवा मिळेल अशाच जागी असतं. म्हणजे तुमच्या गाडीत कोल्ड एअर इनटेक बहुधा कारखान्यातूनच आलेला आहे. तो किती चांगला आहे, हे तपासल्याशिवाय पैसे खर्च करू नका.

२. मोजमाप: ही पायरी वगळू नका

ईएलएम३२७ प्रकारचा ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनाचे आकडे वाचणारं यंत्र) घ्या. साधा असला तरी चालेल, हजार-दीड हजारांत मिळतो. फोनवर टॉर्क किंवा कार स्कॅनरसारखं ॲप टाका. चार आकडे नोंदवायचे: इनटेक एअर टेंपरेचर (आत शिरणाऱ्या हवेचं तापमान), मॅफ सेन्सरचं (किती हवा आत जाते ते मोजणाऱ्या सेन्सरचं) रीडिंग, मॅप सेन्सरचा (मॅनिफोल्डमधल्या हवेचा) दाब आणि लाँग टर्म फ्युएल ट्रिम (गाडीचा कॉम्प्युटर पेट्रोलमध्ये करत असलेली टक्क्यांतली दुरुस्ती). गाडीत मॅफ किंवा मॅप यांपैकी एकच सेन्सर असेल, तर जो आहे त्याचा आकडा घ्या. टर्बो गाडीत इनटेक तापमानाचा आकडा बऱ्याचदा इंटरकूलरनंतरच्या (टर्बोने दाबलेली हवा थंड करणाऱ्या जाळीनंतरच्या) हवेचा असतो, हेही ध्यानात ठेवा.

पहिली चाचणी तापमानाची. बाहेरचं तापमान लिहून ठेवा. गाडी पुरती गरम झाल्यावर मोकळ्या रस्त्यावर एकसारख्या वेगाने दहा मिनिटं चालवा आणि मग ट्रॅफिकमध्ये किंवा सिग्नलला थांबा. आकडे बघणारा माणूस शेजारच्या सीटवर हवा, चालवणाऱ्याने फोनकडे बघायचं नाही. धावत्या गाडीत इनटेकचं तापमान बाहेरच्यापेक्षा पाच-दहा अंशांनीच जास्त असेल, तर मूळ व्यवस्था उत्तम आहे. वीस-पंचवीस अंशांचा फरक वेग घेऊनही उतरत नसेल, तर सुधारणेला वाव आहे.

दुसरी चाचणी दाबाची. टर्बो नसलेल्या गाडीत ती फार उपयोगी पडते. इंजिन बंद ठेवून फक्त इग्निशन ऑन केलं की मॅप सेन्सर बाहेरचा हवेचा दाब दाखवतो. मुंबईत तो १०० ते १०१ किलोपास्कल असतो, पुण्यात उंचीमुळे ९५ च्या आसपास. मग डायनोवर (गाडी रोलरवर चालवून ताकद मोजणाऱ्या यंत्रावर) फुल थ्रॉटल देऊन, म्हणजे ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून, वरच्या आरपीएमला तोच आकडा बघा. दोन आकड्यांतला फरक म्हणजे थ्रॉटलसकट सगळ्या इनटेकचा अडथळा. पुण्यात ९५ चे ९२ झाले, तर वाया जातात तीन किलोपास्कल. जगातलं सर्वात भारी किट लावलं तरी त्या तीनपैकी काहीच परत मिळवता येतील, कारण उरलेला अडथळा थ्रॉटल बॉडीचा (हवा कमी-जास्त सोडणाऱ्या झडपेचा) आणि मॅनिफोल्डचा (सिलिंडरांना हवा वाटणाऱ्या भागाचा) असतो. विक्रेता 'पंधरा हॉर्सपॉवर' म्हणाला की हा आकडा डोळ्यांसमोर आणा. टर्बो नसलेल्या चार सिलिंडरच्या गाडीत उत्तम काम झालं तर दोन ते पाच हॉर्सपॉवरची अपेक्षा मी ठेवतो. सपाटीवरून महाबळेश्वरला चढताना उंचीमुळेच याच्या कितीतरी पट ताकद कमी होते.

डायनोच्या बाबतीत एक सापळा आहे. बऱ्याच ठिकाणी बॉनेट उघडं ठेवून समोर मोठा पंखा लावतात. अशा वेळी उघड्या फिल्टरला भरपूर गार हवा मिळते आणि कागदावर छान आकडा येतो. रस्त्यावर बॉनेट बंद असतं. म्हणून आधीची आणि नंतरची रन बॉनेट बंद ठेवून, त्याच डायनोवर, त्याच गिअरमध्ये, टायरचा दाब आणि ऑइलचं तापमान सारखं ठेवून मागा.

३. कागदपत्रं आणि कायदा

हा भाग कंटाळवाणा वाटेल, पण खरेदीच्या आधी वाचा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी पुस्तकातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलामागे मालकाला ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीसाठी सर्वात कमी जोखमीचा पर्याय म्हणजे मूळ बॉक्समध्येच बसणारा फिल्टर. त्यापुढे जायचं तर आरटीओत विचारून घ्या. गाडी फक्त ट्रॅकवर धावणार असेल, तर गोष्ट वेगळी.

हाताशी ठेवायची कागदपत्रं:

- आरसी आणि चालू पीयूसी. काम झाल्यावर पीयूसी पुन्हा करून घ्या.
- विमा पॉलिसीची पूर्ण प्रत. पहिलं पान पुरत नाही. मॉडिफिकेशनबद्दलचं कलम आणि इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन आहे की नाही, हे शोधा.
- वॉरंटीचं पुस्तक. वॉरंटीतल्या गाडीत हे काम करू नका, असंच मी सांगेन.
- किटचं जीएसटी बिल आणि बसवण्याच्या सूचना.

विमा कंपनीला बदल लेखी कळवा आणि आलेलं उत्तर जपून ठेवा. न कळवलेला बदल क्लेमच्या वेळी आडवा येतो.

४. किट कुठलं घ्यायचं

बाजारात चार प्रकार दिसतील.

*ड्रॉप-इन फिल्टर.* मूळ बॉक्स, मूळ पाइप, फक्त आतला फिल्टर कापडी. ताकदीतला फरक डायनोवरही जेमतेम दिसतो. धोका जवळजवळ नाही.

*शॉर्ट रॅम.* आखूड पाइपाच्या टोकाला उघडा कोन फिल्टर, तोही इंजिनाशेजारीच. आवाज सर्वात मोठा, हवा सर्वात गरम. पुण्यात एप्रिलमध्ये ट्रॅफिकमध्ये अडकलात की इंजिनबेमधली साठ-सत्तर अंशांची हवाच आत जाते. यात ताकद वाढण्याऐवजी कमी होते. सर्वात जास्त खपणारं किट हेच आहे, आणि मी ते कुणालाही सुचवत नाही.

*लांब पाइपाचा इनटेक.* फिल्टर खाली, बंपरमागे किंवा फेंडरच्या पोकळीत. हवा खरोखर गार मिळते. पावसाळ्यात मात्र हाच जीवघेणा ठरतो, त्याबद्दल पुढे सविस्तर.

*बंद बॉक्सचं किट.* फिल्टर वरच, मूळ जागी, पण चारही बाजूंनी झाकलेला आणि पुढून ग्रिलची हवा घेणारा. महाग आहे, दिसायला साधं आहे, आणि आपल्या हवेत सर्वात शहाणपणाचं आहे. बजेट नसेल तर मूळ बॉक्स ठेवून ग्रिलपासून त्याच्या तोंडापर्यंत एक नीट डक्ट करून घेतला, तरी बराचसा फायदा पदरात पडतो.

पाइप ॲल्युमिनियमचा घ्यायचा की प्लॅस्टिकचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. फुल थ्रॉटलला ६५ मिलिमीटरच्या पाइपातून हवा सेकंदाला २८ मीटरच्या आसपास वेगाने जाते, म्हणजे अर्धा-पाऊण मीटरचा पाइप ती डोळ्याची पापणी लवायच्या आत पार करते. तेवढ्यात ती फारशी तापत नाही. फरक पडतो तो सिग्नलला थांबून निघताना. तेव्हा तापलेलं ॲल्युमिनियम काही वेळ हवा गरम करत राहतं. मी प्लॅस्टिक किंवा सिलिकॉन पसंत करतो.

सुटे भाग आणि क्लॅम्पसाठी पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड. नावाजलेल्या ब्रँडचे नकली फिल्टर खूप फिरतात. खरेदी करताना रबराची किनार दाबून बघा आणि कापडाच्या घड्या एकसारख्या आहेत का, ते उजेडात धरून पाहा.

५. मॅफ सेन्सर: इथेच बहुतेक कामं बिघडतात

मॅफ सेन्सर म्हणजे पाइपात बसवलेली तापलेली बारीक तार किंवा पट्टी. हवा तिला किती थंड करते, यावरून ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, हवेचं वजन ठरवतो आणि त्या हिशेबाने पेट्रोल सोडतो. पण हा हिशेब मूळ पाइपाचा व्यास गृहीत धरून केलेला असतो. सेन्सरच्या जागी ६० मिलिमीटरऐवजी ७० मिलिमीटरचा पाइप आला, की क्षेत्रफळ ३६ टक्क्यांनी वाढतं. तेवढीच हवा आता सेन्सरवरून हळू जाते, आणि सेन्सर खऱ्या हवेपेक्षा पाव हिस्सा कमी आकडा कळवतो. पेट्रोल कमी पडतं, मिश्रण लीन होतं. साध्या चालवण्यात ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घ्यायचा प्रयत्न करतो, पण फुल थ्रॉटलला त्याचं चालत नाही. तिथे लीन मिश्रण म्हणजे नॉकिंग (मिश्रण आपोआप भडकून होणारी ठोकाठोक), आणि पुढे पिस्टनला धोका.

'पाइप मोठा तेवढा चांगला' असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारा: सेन्सर बसतो त्या जागेचा आतला व्यास किती? व्हर्निअर कॅलिपर घेऊन दुकानात जा. मूळ पाइपाचा आकडा लिहून न्या. त्या जागेचा व्यास तोच हवा, सेन्सरची दिशा तीच हवी आणि सेन्सरच्या आधी थोडा सरळ पाइप हवा. वळणाला लागूनच सेन्सर असला की हवेच्या भोवऱ्यांमुळे आकडा नाचतो. मोठा पाइप घालायचाच असेल, तर त्याप्रमाणे रीमॅप करणं बंधनकारक समजा.

मॅफ नसलेल्या, फक्त मॅप सेन्सरवर चालणाऱ्या गाड्यांत ही अडचण येत नाही.

६. हत्यारं आणि सामान

१० आणि ८ मिलिमीटरचे सॉकेट, एक्स्टेन्शन, स्टार आणि चपटा स्क्रू-ड्रायव्हर, स्प्रिंग क्लॅम्पसाठी पक्कड, चांगले स्टील क्लॅम्प, फोमची चिकटपट्टी, हीट टेप, मॅफ क्लीनरचा स्प्रे, स्वच्छ लिंट-फ्री कापड, मास्किंग टेप, पेन आणि मुलांची खेळण्याची माती. मातीचं काम पुढे येईल. मॅफसाठी कार्ब क्लीनर वापरू नका.

७. बसवणं

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या. काही गाड्यांत बॅटरी काढल्यावर म्युझिक सिस्टिम कोड मागते, तो आधी शोधून ठेवा. मग बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा.

प्रत्येक नळी आणि कनेक्टर सोडण्याआधी फोटो काढा आणि टेपवर क्रमांक लिहून चिकटवा. मॅफचा कनेक्टर लॉक दाबून काढायचा, वायर ओढून नाही. ब्रीदरची नळी (इंजिनातल्या वाफा इनटेकमध्ये नेणारी) जुन्या गाडीत रबर कडक झाल्याने चिकटलेली असते, ती हळूहळू फिरवून सोडवा. मग बॉक्सचे बोल्ट. बॉक्स निघाल्याबरोबर थ्रॉटल बॉडीच्या, किंवा टर्बोच्या, तोंडावर कापड बांधा आणि ते बाहेर लोंबकळतं राहील असं ठेवा, म्हणजे काढायचं विसरणार नाही.

सेन्सर नव्या पाइपात बसवताना तारेला बोट लावू नका आणि जुनी ओ-रिंग चिरली असेल तर बदला. सगळं आधी सैलच जोडून बघा. इंजिन त्याच्या माउंटवर हलतं, पण बॉडी हलत नाही. त्यामुळे इंजिन आणि बॉडी यांच्यामधल्या पाइपात कुठेतरी सिलिकॉनचा लवचीक जोड आणि रबरी माउंट हवंच, नाहीतर महिन्याभरात जोड तरी सुटतो किंवा ब्रॅकेट तरी तुटतं.

आता माती. फिल्टरच्या आणि पाइपाच्या सर्वात उंच जागी तिचे छोटे गोळे ठेवा, बॉनेट हलकेच बंद करून पुन्हा उघडा. गोळा किती चेपलाय, त्यावरून बॉनेट आणि पाइप यांच्यातली जागा कळते. सात-आठ मिलिमीटरपेक्षा कमी असेल, तर पाइप खाली घ्या.

हीट शील्डची (फिल्टरला इंजिनाच्या उष्णतेपासून झाकणाऱ्या पत्र्याची) किनार आणि बॉनेट यांच्यामधली फट फोमच्या पट्टीने बंद करा. सगळा खेळ या पट्टीचा आहे. शील्ड लावून वर चार बोटांची फट ठेवली, तर गरम हवा तिथूनच शिरते. पट्टी लावल्यावर बॉनेट बंद करून उघडा आणि तिच्यावर सलग दाबल्याची खूण उठली आहे का, ते बघा.

ब्रीदरची नळी नव्या पाइपाला जोडायलाच हवी. काहीजण तिच्यावर छोटा फिल्टर लावून ती उघडी सोडतात. मग इंजिनच्या वाफा हवेत जातात, केबिनमध्ये वास येतो आणि मॅफच्या गाडीत न मोजलेली हवा आत ओढली जाते.

८. सुरू केल्यावर

थ्रॉटलवरचं कापड काढलंय, याची खात्री करूनच बॅटरी जोडा. गाडी सुरू करून आयडल स्थिर होऊ द्या. फुसफुस ऐकू येते का, ते प्रत्येक जोडाजवळ कान नेऊन ऐका, पण पंखा आणि बेल्टपासून लांब राहून.

साधारण शंभर किलोमीटरनंतर लाँग टर्म फ्युएल ट्रिम बघा. आधीच्या आकड्याच्या आसपास, अधिक-उणे पाच टक्क्यांत असेल तर छान. अधिक दहाच्या वर गेला, तर मॅफनंतर कुठेतरी हवा शिरतेय किंवा पाइपाचा व्यास चुकलाय. पी०१७१ कोड लीन मिश्रणाचा, पी०१०१ मॅफच्या आकड्यांतल्या गडबडीचा, पी०११३ बहुधा इनटेक तापमानाचा कनेक्टर न जोडल्याचा. कोड नुसता पुसून टाकू नका, कारण शोधा. मग दुसऱ्या पायरीतल्या चाचण्या, शक्य तेवढ्या तशाच हवामानात, पुन्हा करा. तापमान आधीपेक्षा जास्त येत असेल, तर मूळ बॉक्स परत लावायला अजिबात संकोच करू नका.

९. टर्बो गाडी असेल तर

इथे हवा टर्बोनंतर इंटरकूलरमध्ये थंड होते, त्यामुळे इनटेकच्या तापमानाचा परिणाम कमी. शिवाय आधुनिक ईसीयू ठरलेल्या टॉर्कपर्यंतच बूस्ट (टर्बोचा दाब) देतो. इनटेक बदलून टर्बोचं काम थोडं हलकं होतं, पण रीमॅपशिवाय आकडा फारसा हलत नाही. रीमॅप करताना गिअरबॉक्सची मर्यादाही बघा: पोलो जीटी टीएसआयमधला सात गिअरचा ड्राय क्लच डीएसजी (ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) २५० न्यूटन मीटरसाठीच बनलेला आहे. टर्बोच्या तोंडाला लागणारी सिलिकॉन नळी आत तारेची गुंडाळी असलेलीच घ्या, साधी नळी ओढीने चपटी होते. आणि एखादा स्क्रू आत राहिला, तर कॉम्प्रेसरचं चक्र गेलंच म्हणून समजा.

१०. जून ते सप्टेंबर

परदेशी किटच्या सूचना आपला पावसाळा धरून लिहिलेल्या नसतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढा सोडाच, हिंदमाता किंवा मिलन सबवेला दर वर्षी तुंबणारं पाणीसुद्धा बंपरमागच्या फिल्टरला बुडवायला पुरतं. फिल्टर पाण्यात बुडाला की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे पिस्टन वर येताना कनेक्टिंग रॉड वाकतो. हाच हायड्रोलॉक. साध्या विमा पॉलिसीत हे नुकसान सहसा धरलं जात नाही, त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचं ॲड-ऑन लागतं. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नका. ढकलून बाहेर काढा, टो करा, प्लग काढून सिलिंडर तपासून घ्या.

लांब पाइपाचा इनटेक असेल तर जून लागायच्या आत मूळ बॉक्स परत बसवा आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा बदला. तासाभराचं काम आहे. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल तर तो प्रकार घेऊच नका. बंद बॉक्सच्या किटलाही तळाशी पाणी निघायला छोटं भोक आहे का, ते बघा, आणि ते कचऱ्याने बुजलेलं नाही ना, हे दर पावसाळ्यात तपासा.

११. देखभाल

पहिल्या पाचशे किलोमीटरनंतर सगळे क्लॅम्प पुन्हा आवळा. सिलिकॉन बसतं आणि क्लॅम्प सैल पडतात.

धूळ अडवण्यात कंपनीचा कागदी फिल्टर सहसा तेल लावलेल्या कापडी फिल्टरपेक्षा सरस असतो. म्हणून धुळीच्या रस्त्यांवर रोज चालणाऱ्या गाडीत दर दोन महिन्यांनी फिल्टरनंतरच्या पाइपात पांढरं कापड बोटाला गुंडाळून फिरवा. कापड राखाडी झालं, तर फिल्टर किंवा त्याची किनार गळतेय. तीच धूळ पुढे सिलिंडरमध्ये जातेय.

कापडी फिल्टर धुताना पाणी आतून बाहेर सोडा, सावलीत पूर्ण वाळू द्या, कॉम्प्रेसरची हवा मारू नका. तेल प्रत्येक घडीवर एक बारीक रेघ, एवढंच. मग वीस-तीस मिनिटं थांबून रंग सगळीकडे सारखा पसरलाय का, ते बघा. जास्तीचं तेल उडून मॅफच्या तारेवर बसतं आणि आकडे हळूहळू खोटे येऊ लागतात. तसं वाटलं तर सेन्सर काढून मॅफ क्लीनरने धुवा आणि पूर्ण वाळल्यावरच लावा.

मूळ बॉक्स, पाइप, बोल्ट आणि रबरी बुश एका पिशवीत नाव घालून ठेवा. गाडी विकताना, आरटीओत नेताना किंवा वर्कशॉपने निदानासाठी मूळ भाग मागितले तर ते लागतात, आणि जुन्या मॉडेलचा अखंड एअरबॉक्स नंतर शोधून मिळत नाही.